फाँडंट: अंगभर की दागिन्यापुरतं?

श्रावणातल्या एका रविवारी सांगलीत एकसष्टीचा केक द्यायचा आहे. उत्सवमूर्ती तासगाव भागातले द्राक्ष बागायतदार, म्हणून केकवर द्राक्षाचा घड हवा. केक दोन मजली, खाली ८ इंची, वर ६ इंची, दोन्ही ४ इंच उंच आणि अर्थातच एगलेस. हीच ऑर्डर फेब्रुवारीत आली असती तर खरी द्राक्षं धुऊन, कोरडी करून रचली असती. चवीला, दिसायला आणि खर्चाला तीच उजवी. पण श्रावणात वेलीवर घड नसतो आणि हवेत मात्र पाणी असतं. ज्या दिवसांत फाँडंट सगळ्यात जास्त छळतं, नेमकी त्याच दिवसांत त्याची गरज पडते.

फाँडंट म्हणजे आयसिंग शुगरची कणीक. ती पोळीसारखी लाटून केकवर चढवतात किंवा वळून तिचे आकार करतात. घरी करायचं तर साधारण १ किलो आयसिंग शुगरला १० ग्रॅम जिलेटिन, ते भिजवायला ६० मिली गार पाणी, १६० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, १५ मिली ग्लिसरीन आणि ३० ग्रॅम वनस्पती तूप. मिक्सरवर घरी दळलेली पिठीसाखर चालत नाही, तिचा कण दाताखाली येतो आणि लाटताना पोळी फाटते. ग्लिसरीन फाँडंट मऊ राहावं म्हणून घालतात, पण तेच हवेतला ओलावाही ओढतं. त्यामुळे पावसाळ्यात ते निम्म्यावर आणायचं. खरी अडचण जिलेटिनची आहे. ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून निघतं आणि श्रावणात एगलेस केक मागवणाऱ्या घराला ते चालणार नाही, हे विचारायचीही गरज नसते. जिलेटिनच्या जागी अगर-अगर घालून पाहिलं तर पोळी लवचीक होत नाही, केकच्या कडेवर मोडते. म्हणून हिरव्या ठिपक्याचं तयार पाकीट आणणं हाच सरळ मार्ग. पाकिटावरचा ठिपका दर वेळी बघायचा. एकाच कंपनीचे दोन प्रकार असू शकतात.

साखरेला आकार देणं आपल्याकडे नवीन नाही. संक्रांतीचे हलव्याचे दागिने, पाडव्याची गाठी, रुखवतातली साखरेची खेळणी ही सगळी त्याच घराण्यातली. दागिने संक्रांतीच्या कोरड्या थंडीत होतात, श्रावणात कोणी हलवा करायला बसत नाही. केकवाल्याला मात्र महिना निवडता येत नाही.

काम घेण्याआधी ग्राहकाशी दोन गोष्टी बोलून घ्याव्या लागतात. पहिली वजनाची. आपल्याकडे केक किलोवर ठरतो, आणि फाँडंट वजनदार असतं. साडेतीन मिलिमीटर जाडीचा थर धरला तर ६ इंची केकच्या अंगावर कापून-छाटून ३०० ग्रॅमच्या वर फाँडंट राहतं, ८ इंचीवर साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. हे वजन केकच्या किलोत धरलं की वेगळं, हे आधी स्पष्ट नसेल तर केक कापल्यावर वाद होतो. आम्ही ते वेगळं धरतो, कारण निम्मी माणसं ते साल सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात.

दुसरी गोष्ट म्हणजे कुठे फाँडंट आणि कुठे नाही. फोटोंमुळे लोक 'पूर्ण फाँडंटचा' मागतात. या केकसाठी ठरलं ते असं: खालचा मजला फाँडंटने झाकायचा, कारण त्यावर वेल आणि पानं चिकटवायची आहेत आणि वरच्या मजल्याचा भार घ्यायचा आहे. वरचा मजला नुसत्या गनाशचा, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या घट्ट लेपाचा, गुळगुळीत. घड, पानं आणि नावाची अक्षरं फाँडंटची. खाणाऱ्यांच्या वाट्याची ३०० ग्रॅम साखर एवढ्यानेच वाचते.

व्हीप क्रीमवर पूर्ण फाँडंट मात्र घ्यायचंच नाही, ग्राहक कितीही म्हणोत. क्रीममध्ये पाणी असतं, साखर ते शोषते, आतून पाक होतो आणि पोळी घसरून खाली सुरकुत्या पडतात. शिवाय तो केक फ्रीजमध्येच ठेवावा लागतो, आणि बाहेर काढल्यावर फाँडंटला घाम फुटतो. पायनॅपल केकवर फाँडंट मागणाऱ्याला आम्ही वर एखादी बाहुली ठेवून देतो, तीही निघताना, बुडाला वितळलेल्या चॉकलेटचा हात देऊन.

गुरुवारी घडापासून सुरुवात होते. सुकायला सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो. पाव किलो फाँडंटला एक सपाट चहाचा चमचा सीएमसी पावडर (फाँडंटला ताठपणा देणारी खाण्याच्या डिंकाची पूड) मळून अर्धा तास झाकून ठेवलं की ते आकार धरू लागतं. सीएमसी जास्त झाली तर गोळ्यांवर बारीक भेगा पडतात. रंग जेलचाच. पाण्यासारखा पातळ रंग फाँडंटला चिकट करतो. पोपटी रंगाच्या दोन छटा करायच्या, एक किंचित पिवळट. सगळी द्राक्षं एकाच रंगाची केली तर घड प्लॅस्टिकचा दिसतो. रंग रात्रभरात गडद होतो, म्हणून हवा त्यापेक्षा फिका ठेवायचा. काळा, लाल किंवा मरून लागणार असेल तर त्या रंगाचं तयार फाँडंटच घ्यावं. पांढऱ्यात इतकं जेल ओतावं लागतं की ते लिबलिबीत होतं आणि चवीला कडवट लागतं.

इथे ग्राहक कोण आहे ते लक्षात ठेवायचं. बागायतदाराला मणी बघताच वाण कळतो. सोनाका लांबट, शरद काळी. गोल हिरव्या गोट्या लावून 'सोनाका' म्हटलं तर केक कापायच्या आधीच हसं होईल. मणी ३ ग्रॅमचा, वजनकाट्यावर तोलून, आधी गोल वळून मग तळहातावर एकदा पुढे-मागे फिरवला की लांबट होतो. साठ मणी, म्हणजे १८० ग्रॅम. घड भरीव केला तर वजन दुप्पट-तिप्पट होऊन वरच्या मजल्यात रुतेल, म्हणून गाभा कुरमुऱ्यांचा करायचा. ३० ग्रॅम कुरमुरे कढईत कोरडे भाजून पूर्ण गार करायचे, त्यात १०० ग्रॅम वितळलेलं पांढरं कंपाउंड चॉकलेट कालवून हाताने निमुळता आकार दाबायचा. पावसाळ्यात न भाजलेले कुरमुरे वातड होतात आणि गाभा चिरडतो. मणी चिकटवायला ३० मिली पाण्यात पाव चमचा सीएमसी आदल्या रात्री भिजवून ठेवलेला डिंक. लावताना टोकापासून वर जायचं, नाहीतर शेवटी टोकाला जागा उरत नाही. मणी चकचकीत करायचा मोह टाळावा. खऱ्या द्राक्षावर पांढुरकी झाक असते, ती कोरड्या ब्रशने किंचित कॉर्नफ्लोअर फिरवून येते.

पानांसाठी २ मिलिमीटर पातळ पोळी. शिरा उठवायला खरं पान दाबायची कल्पना सुचते, पण या दिवसांत बागेतल्या पानांवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) आणि इतर फवारे असतात. पान कागदावर ठेवून फक्त आकार काढून घ्यायचा, शिरा टूथपिकच्या बोथट बाजूने ओढायच्या. वेलीचे ताणे पेन्सिलीला गुंडाळून. पानं चमच्यांच्या खोलगट बाजूत वाळत घातली की त्यांना वळण येतं.

थंडीत एवढं काम दोन रात्रींत खडखडीत वाळतं. श्रावणात चार दिवस उघडं ठेवलं तरी वाळत नाही, उलट चिकट होतं. आमचा उपाय साधा आहे: ओव्हन बंद, आतला फक्त दिवा चालू, दार बोटभर उघडं. त्या उबेत रात्रभरात वरची कातडी धरते. आधी अर्धा तास दिवा लावून आतली ऊब हाताने बघून घ्यायची. फार उबदार लागलं तर कंपाउंडचा गाभा मऊ पडतो, मग गाभा वेगळा ठेवून मणी सुट्टेच वाळवायचे आणि शनिवारी चिकटवायचे. वाळलेलं सामान घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या वेगळ्या वाटीत. फ्रीजमध्ये अजिबात नाही. फाँडंटची सगळ्यात जास्त नासाडी फ्रीजमध्ये होते, उन्हात नव्हे.

शुक्रवारी स्पंज आणि गनाश. फाँडंटखाली नेहमीचा हलका, पाकात भिजलेला स्पंज चालत नाही. तो वजनाने दबतो आणि दोन दिवसांनी केकच्या पोटावर वळी उठते. कंडेन्स्ड मिल्कचा किंवा दह्याचा, हाताला भरीव लागणारा स्पंज घ्यायचा. २ सेंटिमीटरचे चार थर आणि मध्ये तीनदा गनाश, एवढ्यात ४ इंच उंची भरते. ८ इंची थराला पाक दोन मोठे चमचे, जास्त नाही. थर रचून झाले की वर केक बोर्ड आणि त्यावर एखादं जाड पुस्तक ठेवून रात्रभर बसू द्यायचा. ही पायरी गाळली तर केक फाँडंट चढल्यावर बसतो आणि आतली हवा कुठेतरी फुगा करते. रात्री सुंदर दिसणारा केक सकाळी पोट सुटल्यासारखा का दिसतो, याचं उत्तर नव्वद टक्के वेळा इथेच सापडतं.

गनाशचं प्रमाण ऋतूवर. डार्क चॉकलेट थंडीत २ भाग, क्रीम १ भाग. एप्रिल-मेमध्ये सांगलीची दुपार चाळिशीला टेकते तेव्हा अडीचास एक. पांढऱ्याला नेहमी तिनास एक, उन्हाळ्यात साडेतीन ते चार. या केकला बाहेरचा लेप अर्धा सेंटिमीटर धरून खालच्या मजल्याला ६०० आणि वरच्याला ४०० ग्रॅम लागतं, म्हणजे ७५० ग्रॅम पांढरं कंपाउंड आणि २५० ग्रॅम क्रीम. मधले थर वेगळे. क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवायचं. २५ टक्के फॅटचं पाकिटातलं क्रीम खळखळून उकळलं की गनाश फुटतं, तूप वेगळं दिसू लागतं. फुटलंच तर कोमट दूध एकेक चमचा घालून मधोमध घोटायचं, बहुधा जमून येतं. रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी घट्ट श्रीखंडासारखं होतं. लावायला हेच हवं.

शनिवारी सकाळी पहिला पातळ लेप, अर्ध्या तासाने दुसरा. स्क्रॅपर गरम पाण्यात बुडवून, कोरडा पुसून शेवटचा हात फिरवायचा. वरच्या मजल्यावर फाँडंट येणार नाही, तेव्हा तिथे झाकायला काही नाही. त्याला जास्त वेळ द्यायचा. खालच्या मजल्यावरही 'वर पोळी येणारच आहे' म्हणून खड्डे सोडायचे नाहीत. फाँडंट खड्डा झाकत नाही, दाखवतं.

लेप चार-पाच तास घट्ट होऊ द्यायचा. मग पोळी. ८ इंची केकला व्यास ८ अधिक दोन्ही बाजूंचे चार-चार, म्हणजे १६ इंच, आणि हाताशी एक इंच जास्त. त्यासाठी ७०० ग्रॅम फाँडंट. कमी घेतलं की पोळी ताणावी लागते आणि वरच्या कडेला फाटते.

फाँडंट मळायचं ते कणकेसारखं, पण कणकेसारखं मोकळ्या हाताने पीठ लावत नाही. कॉर्नफ्लोअर वर राहिलं तर पोळी कोरडी पडून तिच्यावर हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या येतात. कोरड्या हवेत ओट्याला आणि हाताला वनस्पती तुपाचं बोट पुरे. श्रावणात मात्र तुपाने पोळी ओट्याला चिकटून बसते, तेव्हा कॉर्नफ्लोअर मलमलीच्या पुरचुंडीतून झटकायचं. पहिल्यांदा लाटणाऱ्याने पोळीच्या दोन बाजूंना साडेतीन-चार मिलिमीटरच्या दोन पट्ट्या ठेवाव्यात, लाटणं त्यांच्यावरून फिरतं आणि जाडी सारखी येते. प्रत्येक लाटण्यानंतर पाव फेरा फिरवायचं. पुरणपोळी लाटणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही. छताचा पंखा बंद. तो फिरत राहिला तर पाच मिनिटांत वरचा पापुद्रा वाळतो आणि पोळी कडेवर ठेवताच तडकते.

गनाशवर ओल्या ब्रशचा एकच पातळ हात, पोळी चिकटण्यापुरता. पाणी ओघळलं तर पोळी घसरते. पोळी लाटण्यावर गुंडाळून मागून पुढे उलगडत सोडायची. आधी वरचा सपाट भाग तळहाताने, मग लगेच वरची कड चारी बाजूंनी पक्की करायची. खाली लोंबणाऱ्या पोळीचं वजन कडेलाच ओढत असतं. मग घागऱ्याच्या घेरासारखी चुणी उघडत, खालून वर न ओढता, वरून खाली दाबत यायचं. चुणी दुमडून दाबली की तिथे कायमची घडी राहते. छाटणी दोनदा: आधी अर्धा इंच सोडून, मग पाच मिनिटांनी बुडाशी.

बुडबुडा दिसला तर बारीक सुई तिरकी टोचून हवा बाहेर काढायची आणि स्मूदर (पोळी गुळगुळीत करायची सपाट पट्टी) फिरवायचा. सुई रंगीत डोक्याची घ्यावी आणि काम संपल्यावर मोजून परत डबीत ठेवावी. खाण्याच्या पदार्थात सुई हरवणं म्हणजे केक टाकून देणं. कड थोडी फाटली तर फाँडंटमध्ये पाण्याचा थेंब कालवून लेप करून बोटाने भरायची आणि तिथे पान लावायचं. वेलीचा हाही उपयोग असतो.

झाकलेला केक रात्री फ्रीजमध्ये नाही, थंड खोलीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात. लोडशेडिंगमुळे किंवा आतल्या सारणामुळे फ्रीजशिवाय इलाज नसेल तर खोक्यासह ठेवायचा आणि बाहेर काढल्यावर खोका उघडायचाच नाही. गारवा उतरेपर्यंत घाम खोक्यावर सुटतो, केकवर कमी. तरी फुटलाच तर हात लावायचा नाही, बोटाचा ठसा तसाच राहतो. लांबून टेबलफॅन लावला की अर्ध्या-पाऊण तासात सुकतो.

रविवारी सकाळी मजले चढवायचे. खालच्या मजल्यात पाच जाड स्ट्रॉ किंवा लाकडी डॉवेल, म्हणजे आधाराच्या काठ्या. एक रोवून फाँडंटच्या पातळीला खूण करायची, बाहेर काढून पाचही त्याच मापाने कापायच्या. प्रत्येक वेगळी मोजून कापली तर वरचा मजला कलतो. वरच्या केकखाली त्याचाच ६ इंची बोर्ड, दोन्हींतून जाणारी एक मधली काठी, आणि जोडावर वेल. घड वरच्या मजल्यावर आडवा टेकवून, खाली वितळलेलं कंपाउंड.

गाडीत केक मांडीवर घेऊन कोणी बसायचं नाही. मांडी सपाट नसते आणि गरम असते. पुढच्या सीटसमोर पायाशी किंवा डिकीत सपाट जागी, खाली रबरी जाळी, एसी आधी दहा मिनिटं चालू. तासगावच्या वाटेवरच्या गतिरोधकांवर केकला मधली काठीच वाचवते. दोन मजली केक दुचाकीवर जात नाही, हे ऑर्डर घेतानाच सांगितलेलं बरं.

सोबत एक चिठ्ठी देतो. केक पंख्याच्या झोताबाहेर आणि उन्हाच्या तिरिपेबाहेर ठेवा. कापण्याआधी घड उचलून बाजूला घ्या. खालच्या मजल्यात पाच स्ट्रॉ आणि मध्ये एक काठी आहे, मुलांना वाढण्याआधी मोजून काढा. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून चालवा, नाहीतर फाँडंट तुटत नाही, ओढलं जातं. साल आवडत नसेल तर तुकडा कापल्यावर सोला. आख्ख्या केकचं सोलायला गेलात तर गनाशही सोबत येईल.

चवीबद्दल भीड ठेवून उपयोग नाही. फाँडंट गोड असतं, त्यापलीकडे त्याला चव नाही. थोडं व्हॅनिला किंवा बटर इसेन्स मळला तरी तोंडात साखरेची कणीकच लागते. मॉडेलिंग चॉकलेट चवीला कितीतरी बरं: १०० ग्रॅम पांढऱ्या कंपाउंडला ३०-३५ ग्रॅम कोमट लिक्विड ग्लुकोज, हलक्या हाताने कालवून रात्रभर ठेवायचं. पण मे महिन्यात ते हातातच पाघळतं. फाँडंट आणि ते निम्मं-निम्मं मळलं तर दोघांचे दोष कमी होतात, पानांना आणि अक्षरांना आम्ही आता तेच वापरतो. ६ इंची साध्या केकवर फक्त फोटोसाठी अंगभर फाँडंट, यासाठी आमची शिफारस कधीच नसते. ट्रॅक्टर, बैल, पुस्तकांची चळत, पैठणीचे काठ असं काही ठळक आकाराचं हवं असेल तेव्हा त्याला पर्याय नाही. कामाचा वेळही बघावा: साधा क्रीम केक दीड-दोन तासांत हातावेगळा होतो, हा चार दिवस घर अडवतो.

उरलेलं फाँडंट, छाटणीचं धरून अडीचशे ग्रॅमच्या आसपास निघतं. केकचा चुरा किंवा गनाश लागलेला भाग टाकून द्यायचा. बाकीच्याला वनस्पती तुपाचा पुसटसा हात, क्लिंग फिल्मचे दोन वेढे, झिपची पिशवी, वर तारीख. डबा फडताळात. पोपटी उरलं असेल तर गणपतीत दुर्वांच्या जुड्या वळायला कामाला येतं.